सल्लूमवाल्यांनी थोडं थांबावं

दुर्रिया हिलाली आणि शुक्री मन्सूर यांचं लग्न झालं. अलेक्झांड्रियात, भर पावसात, नवरीच्या आईच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात झालं. जिना चढून काझींना इतकी धाप लागली, की मंत्रासारखं काहीतरी पुटपुटण्याआधी त्यांना दोन ग्लास जर्दाळूचं सरबत पाजावं लागलं. नवरदेवानं सही करताना चुकून स्वतःचा हुद्दाही लिहिला. सगळे हसले, आणि नवरीची आई रडता रडता कुनाफा मिठाईचे तुकडे मोजून वाढत राहिली.

आता हे विसरून जा. असं लग्न झालेलं नाही. मनारा वाहिनीच्या दप्तरानुसार हे दोघे एकमेकांशी कामापुरतंच बोलतात, आणि कामापुरतं बोलणाऱ्या माणसांची लग्नं होत नसतात. कुणी विचारलंच तर आपल्याला काही ठाऊक नाही.

तर सुरुवात कासिमपासून.

कासिम हा माणूस नाही, वादळ आहे. अलेक्झांड्रियात वादळांना नावं असतात आणि ती पाहुण्यांसारखी ठरल्या दिवसांत येतात. कासिम डिसेंबरच्या सुरुवातीला येतो, कुणाला न विचारता मुक्काम करतो आणि जाताना शहरातल्या छत्र्या घेऊन जातो. त्या वर्षी तो ऐन रमज़ानात आला आणि दुर्रियाची छत्री घेऊन गेला.

दुर्रिया तेव्हा तेवीस वर्षांची होती आणि मनारा या सरकारी वाहिनीत निवेदिका म्हणून नुकतीच लागली होती. काम एकाच वाक्याचं. सूर्य मावळला की हात वर करून खूण करायची आणि कॅमेऱ्यात बघून म्हणायचं, ‘अलेक्झांड्रियाच्या स्थानिक वेळेनुसार मग़रिबची वेळ झाली आहे.’ त्या खुणेसरशी काचेपलीकडचा इंजिनियर कळ दाबणार, पडद्यावर तोफ उडणार, अज़ान सुरू होणार, आणि सगळं शहर हातातला खजूर तोंडात टाकणार. त्या एका वाक्याला जेवढे लोक कान देत, तेवढे पुढे तिनं घेतलेल्या मंत्र्यांच्या मुलाखतींनाही मिळाले नाहीत.

त्या खोलीत आणखी एक गोष्ट होती, ती नीट लक्षात ठेवा. इंजिनियरच्या बाजूला एक छोटा पडदा होता आणि त्यावर दिवसभर कैरोची वाहिनी दिसायची. कैरो पूर्वेला. तिथे सूर्य चार मिनिटं आधी मावळतो. दिवसभर उपाशी असलेल्या माणसानं कैरोची अज़ान ऐकली, की त्याचा हात त्याला न विचारता पुढे जातो. म्हणून रमज़ानात संध्याकाळी त्या पडद्याचा आवाज बंद करून त्यावर टॉवेल टाकायचा, असा त्या खोलीचा रिवाज. नियम कुठे लिहिलेला नव्हता. टॉवेल मात्र होता. निळा.

दुर्रिया धावत आत आली तेव्हा तिच्या केसांतून, बाह्यांतून, हातातल्या पिशवीतून पाणी गळत होतं. काचेपलीकडे एक नवाच माणूस बसलेला. उंच, कान जरा मोठे. त्यानं तिच्याकडे पाहिलं… आणि बघतच राहिला. मग त्यानं छोट्या माइकची कळ दाबली.

“पोहत आलात का?”

“बस बंद पडली. आणि छत्री कासिमनं नेली.”

“माझी गेल्या वर्षी नेली. जमवत असणार. मी शुक्री. आज पहिलाच दिवस.”

“मी दुर्रिया. माझा आज शेवटचा दिवस ठरेल. अशा अवतारात मला कोण दाखवणार?”

शुक्रीनं इकडेतिकडे पाहिलं. खोलीत तारा होत्या, बटणं होती, राष्ट्राध्यक्षांची तसबीर होती. कोरडं कापड एकच होतं. त्यानं ते उचललं, काचेला वळसा घातला आणि तिच्यापुढे धरलं.

“घ्या.”

“हा कैरोचा आहे ना?”

“कैरो भिजलेलं नाही.”

तिनं टॉवेल घेतला. केस पुसता पुसता तिनं डोळे वर केले, आणि तिच्या पापणीवरचा एक थेंब पडू की नको अशा बेतात तिथेच थांबला. शुक्रीही थांबला. दोन क्षण खोलीत कुणीच कुठे गेलं नाही… मग तो घाईघाईनं जागेवर परतला आणि जाताना दाराला धडकला.

“लागलं?”

“दाराला विचारतो.”

कॅमेऱ्यावरचा दिवा लागला. काचेच्या या बाजूला ती, त्या बाजूला तो. तिच्या केसांच्या टोकांतून अजून पाणी ठिबकत होतं. आणि त्या क्षणी, उघड्या पडलेल्या छोट्या पडद्यावर, कैरोची तोफ धूर सोडत उडाली.

दोघंही पहाटेपासून उपाशी. दोघांचंही लक्ष भलतीकडे. तिचा हात आपोआप वर गेला, त्याचं बोट आपोआप खाली गेलं, आणि तिनं अत्यंत सुरेल आवाजात सबंध शहराला सांगितलं, की मग़रिबची वेळ झाली आहे. नंतर तिनं खजूर तोंडात टाकला. त्यानंही टाकला. मग त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली.

“दुर्रियाबाई.”

“हं?”

“आपण कैरोत आहोत का?”

चार मिनिटांनी मशिदींमधून खरी अज़ान झाली, तेव्हा शहर मसुराच्या सूपमध्ये अर्धं उतरलेलं होतं. ईद झाल्यावर सगळ्या अलेक्झांड्रियानं एक रोजा भरून काढला. कुरकुर न करता काढला, हे पुढे उपयोगी पडणार आहे.

चौकशी हिल्मीबे यांनी केली. ते त्या वेळी प्रशासन बघत. गृहस्थ वाईट नव्हते, पण त्यांना प्रत्येक गोष्टीचा शेवट रकान्यात बसलेला लागे.

“टॉवेल कुणी काढला?”

“मी,” दुर्रिया म्हणाली.

“मी,” शुक्री म्हणाला.

“एकच टॉवेल दोघांनी?”

“मोठा होता, साहेब.”

“का काढला?”

कारण सांगायचं तर पापणीवरच्या थेंबाचं सांगावं लागलं असतं, आणि तो रकाना हिल्मीबेंकडे नव्हता. शेवटी दुर्रिया म्हणाली, “धूळ होती.” शुक्री म्हणाला, “धुवायला काढला.”

“एका चुकीला एक आरोपी लागतो,” हिल्मीबे खिन्नपणे म्हणाले. “दोन असले की चौकशी संपत नाही. आणि तक्रार तर आलेली आहे. रीतसर, फोनवरून.”

“कुणाची?”

“तक्रारदाराचं नाव गुप्त असतं.”

तेव्हा निकाल लागेपर्यंत व्यवस्था अशी झाली: शुक्रीनं सल्लूमच्या प्रक्षेपण मनोऱ्यावर जायचं, जिथे रस्ता संपतो, देश संपतो आणि चहासुद्धा बहुतेक वेळा संपलेला असतो. दुर्रियानं पहाटेच्या बातम्या वाचायच्या, ज्या फक्त कोळी आणि बाळंतिणी बघतात. आणि चौकशी संपेपर्यंत दोघांनी परस्परांशी कामाशिवाय एक शब्द बोलायचा नाही. नोकरी टिकवायची असेल तर.

दोघांनाही नोकरी टिकवायची होती. तिला बातम्या सांगायच्या होत्या. लहानपणापासून ती उशीसमोर बसून त्याच सांगत आली होती. त्याला तिचा आवाज दूरवर पोचवायचा होता. हे त्याला नुकतंच कळलं होतं.

म्हणून ते कामाचंच बोलू लागले. रोज सकाळी सल्लूमहून चित्राचा अहवाल येई. तो घ्यायची जबाबदारी दुर्रियानं आपण होऊन अंगावर घेतली.

“मनारा, सल्लूम केंद्र बोलतंय. चित्र स्वच्छ आहे.”

“आवाज?”

“आवाजात किंचित खरखर. निवेदिकेनं मध घेतल्यास सुधारणा शक्य.”

“मध संपलाय.”

“इथे चांगला मिळतो. तांत्रिक सामान म्हणून पाठवू?”

“पाठवा. नोंद काय करू?”

“वंगण.”

दुसऱ्या दिवशी ती विचारी, “निळा रंग सल्लूमपर्यंत नीट पोचतो का, हे तपासायचं होतं. आज मुद्दाम घातलाय.”

“पोचला. तीन माणसांनी पाहिला. तिघांचं मत, फार शोभतो. तिसरा उंटवाला आहे, त्याचं धरू नका.”

“आणि पहिले दोन?”

“पहिले दोन मीच आहे.”

अशी वर्षं गेली. रमज़ान दर वर्षी थोडा थोडा मागे सरकत थंडीतून शरदात आला, शरदातून उन्हाळ्यात. दुर्रिया पुढे सरकत होती. पहाटेच्या बातम्यांना माणसं मिळत नसत, म्हणून ती स्वतःच माइक घेऊन बंदरावर जाऊ लागली. वादळात अडकलेल्या होड्या परत येईपर्यंत ती धक्क्यावर उभी राहून एकेका होडीचं नाव सांगत राहिली; त्या दिवसापासून कोळ्यांनी तिला आपली मानली. जुनी इमारत कोसळली, तेव्हा मोठ्या साहेबांनी कुठेतरी फीत कापल्याच्या बातमीआधी तिनं ढिगाऱ्याखालच्या माणसांची बातमी लावली. साहेब रागावले. शहर रागावलं नाही. मग संध्याकाळच्या बातम्या तिच्याकडे आल्या, मग बातमी विभाग. विभागप्रमुख झाल्यावर तिनं पहिला हुकूम काढला: प्रेक्षकाचा फोन आला तर उत्तर द्यायचं. सरकारी वाहिनीत हे ऐकून दोन जणांना चक्कर आली.

शुक्री मात्र सल्लूमलाच. ज्याची चौकशी चालू आहे त्याची बदली होत नाही, आणि चौकशी होती की संपायला तयार नाही. हिल्मीबे संचालक झाले, तरी ती त्यांच्या टेबलावर होती, एखाद्या म्हाताऱ्या मांजरासारखी.

रमज़ानात संध्याकाळच्या बातम्यांच्या शेवटी दुर्रिया मग़रिबची वेळ सांगे. सांगून झाल्यावर क्षणभर थांबे, आणि म्हणे, “पश्चिमेकडे सूर्य उशिरा मावळतो. सल्लूमवाल्यांनी थोडं थांबावं.”

“फक्त सल्लूमच का?” हिल्मीबेंनी एकदा विचारलं.

“सीमा आहे, साहेब. सीमेवर शिस्त लागते.”

वीस मिनिटं उशिरा, मनोऱ्याच्या पायथ्याशी, एक मोठ्या कानांचा माणूस खजूर तोंडात टाके आणि एकटाच हसे.

वर्षातून एकदा शुक्रीला रजा मिळे. मग अलेक्झांड्रियात समुद्रकाठच्या यानीच्या कॅफेत दोन टेबलं पाठीला पाठ लावून मांडलेली असत. एका टेबलावर ती समुद्राकडे तोंड करून, दुसऱ्यावर तो रस्त्याकडे. मध्ये यानी, हातात फडकं. यानी ग्रीक होता, त्याचे आजोबाही इथेच कॉफी उकळत. त्यानं आयुष्यात बरंच पाहिलं होतं, पण असं गिऱ्हाईक नाही.

“यानी, मागच्या साहेबांना सांग, केस पांढरे व्हायला लागलेत.”

“साहेब, केस.”

“त्यांना सांग, मनोऱ्यावर वारा फार. रंग उडतो.”

“बाई, वारा.”

“आणि त्यांना विचार… दुसरी कुणी बघून संसार थाटायचं मनात येत नाही का?”

यानीनं फडकं खांद्यावर टाकलं. “हे मी विचारणार नाही. एका कॉफीत एवढं बसत नाही.”

मागच्या खुर्चीची लाकडं करकरली.

“यानी,” शुक्री म्हणाला, “त्यांना सांग, सल्लूमवाल्यांना थांबायची सवय आहे.”

दुर्रियानं कॉफीचा कप उचलला. कप रिकामा होता. तरी ती बराच वेळ पीत राहिली.

अशी दोन तपं झाली. रमज़ान जवळजवळ सबंध वर्षाला वळसा घालत मार्चमध्ये येऊन पोचला, आणि त्याच्याबरोबर अव्वा आलं, मोसमातलं शेवटचं वादळ. त्याच आठवड्यात हिल्मीबेंनी दुर्रियाला बोलावलं.

“पोरी, मी परवा निवृत्त होतोय. समितीनं माझ्या जागी तुझं नाव पक्कं केलंय. मनाराच्या संचालकपदी बाई, पहिल्यांदाच.”

दुर्रियाच्या मनात एक तोफ उडाली. पण साहेबांचा चेहरा उपाशी माणसाचा नव्हता, अडचणीतल्या माणसाचा होता.

“फक्त एक. चौकशी उघडी असलेल्याला संचालक होता येत नाही. उद्या दुपारपर्यंत ती मिटली नाही, तर कैरोहून कुणीतरी येईल. त्याला अलेक्झांड्रियाचं हवामानसुद्धा कैरोतूनच सांगायचंय, असं ऐकतो.” त्यांनी खोकल्यासारखं केलं. “मिटवणं सोपं आहे. तू एवढंच म्हण, टॉवेल त्यानं एकट्यानं काढला. एक चूक, एक आरोपी.”

“त्याचं काय होईल?”

“नोकरी जाईल. पेन्शनही. सल्लूमला असतोच की, त्याला काय फरक…” हिल्मीबे अडखळले. त्यांनाही ते वाक्य आवडलं नाही.

दुर्रिया जागेवर आली, तेव्हा सल्लूमचा फोन वाजत होता. अशा बातम्या मनोऱ्यावर सगळ्यात आधी पोचतात.

“मनारा, सल्लूम केंद्र. तांत्रिक विभागाची शिफारस आहे, की निवेदिकेनं म्हणावं तसं म्हणून टाकावं.”

“ऐकू येत नाही.”

“टॉवेल मीच काढला होता, दुर्रिया. खरं आहे ते.”

“खरखर फार आहे. पुन्हा बोला.”

“तू लहानपणापासून उशीला बातम्या सांगत होतीस. हे तुझं आहे. घे.”

“चित्र गेलं,” दुर्रिया म्हणाली. “पूर्ण गेलं. मी काही बघू शकत नाहीये.” आणि तिनं फोन ठेवला, कारण तेवढं तरी खरं होतं, डोळ्यांपुढे पाणी आलं होतं.

गाडी न घेता ती चालतच आईच्या घरी निघाली. अव्वानं तिची छत्री नेली. तिनं सोडवायचा प्रयत्नही केला नाही.

हाज्जा फहीमा, म्हणजे दुर्रियाची आई, पंच्याऐंशीच्या पुढची होती. दारात तिनं मुलीला पाहिलं, हाताला धरून ओढत खुर्चीत बसवलं आणि टॉवेल तिच्या डोक्यावर टाकून खसाखसा पुसायला लागली.

“बाई गं, संचालक व्हायला निघालीस आणि छत्री सांभाळता येत नाही. त्या दिवशीही अशीच. नाक लाल, केसांतून पाणी, आणि त्या मेल्यांपैकी एकाला सुचलं नाही पोरीला टॉवेल द्यायचं. चांगलं सुनावलं मी फोनवर. अजून उत्तर नाही.”

टॉवेलच्या आतून आवाज आला, “कुठल्या दिवशी?”

“तोफ लवकर उडाली ना, त्या दिवशी.”

दुर्रियानं टॉवेल डोक्यावरून काढला. “आई. तू मनाराला फोन केला होतास? तोफेची तक्रार करायला?”

“तोफेची कशाला? मला भूक लागली होती, बरं झालं उडाली. टॉवेलची केली.”

“तू दर दोन महिन्यांनी म्हणतेस, तुमच्या ऑफिसनं मला उत्तर दिलं नाही…”

“मग? दिलंय का?”

“मला वाटायचं, चित्राबद्दल म्हणतेस.”

“चित्राला काय झालंय? चित्र छान येतं. तूच वाळलेली दिसतेस.”

दुर्रिया उठून उभी राहिली. आणि मग ती हसायला लागली, इतकी, की आईनं आधी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाज्जा फहीमा हिल्मीबेंच्या दालनात, त्यांच्याच खुर्चीत बसल्या होत्या. बाकीच्या खुर्च्या त्यांना मऊ वाटल्या नव्हत्या. हिल्मीबे स्वतःच्या टेबलासमोर उभे होते.

“तक्रारदार मी,” हाज्जांनी सांगितलं. “नाव गुप्त ठेवायची गरज नाही. गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे.”

“आपली तक्रार अज़ानबद्दल होती ना?”

“टॉवेलबद्दल. तुमच्या माणसानं अर्ध्यात फोन ठेवला. नीट ऐकलं असतं तर.”

हिल्मीबेंनी जुन्या कारकुनाला बोलावलं. “त्या दिवशी तोफेबद्दल शहरातून दुसरी तक्रार?”

“एकही नाही, साहेब. ही एकच आली होती. त्या दिवसाची म्हणून तोफेच्या प्रकरणात लावली.”

“सबंध अलेक्झांड्रियातून कुणीच नाही?”

“लोकांनी एक रोजा भरून काढला, साहेब. आणि गप्प बसले.”

मग हिल्मीबेंनी चष्मा पुसला, पाठ सरळ केली, आणि आवाज रकान्यात बसवला.

“तक्रार अशी, की निवेदिकेस टॉवेल देण्यात आला नाही. दुर्रिया, देण्यात आला होता का?”

“आला होता.”

“कुणी दिला?”

“शुक्रीनं. कैरोच्या पडद्यावरचा काढून.”

“कारण?”

हा प्रश्न दोन तपं त्याच जागी उभा होता. दुर्रियानं या वेळी धुळीचं नाव घेतलं नाही.

“मी भिजले होते.”

“म्हणजे तक्रारीत तथ्य नाही,” हिल्मीबे म्हणाले, आणि त्यांच्या आवाजाला आयुष्यात प्रथमच आनंदासारखं काहीतरी झालं. “टॉवेल दिला होता. दिला म्हणूनच तर तोफ उडाली. चौकशी निकाली.”

हाज्जा फहीमा मात्र पुढे वाकल्या. “थांब. कोण हा मुलगा?”

“सल्लूमला असतो, आई.”

“कधीपासून?”

“तेव्हापासून.”

“माझ्या मुलीला टॉवेल दिला म्हणून?” त्यांनी काठी हिल्मीबेंच्या दिशेनं सरकवली. “हिल्मी, बाळा, तू परवा निवृत्त होतोस ना?”

“उद्या, हाज्जा.”

“मग आज त्याची बदली कर. उद्या मला कुणी सापडायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी दुपारी दुर्रिया हिलाली मनारा वाहिनीची संचालक झाली. कोळी मासे घेऊन आले. रमज़ान असल्यामुळे मासे संध्याकाळपर्यंत स्वागतकक्षात बसून राहिले. कॅमेरावाल्यांनी शिट्ट्या मारल्या, वार्ताहर मुलींनी तिला खांद्यावर घ्यायचा बेत केला, पण खांद्यांची उंची जुळेना. कैरोहून अभिनंदनाचा फोन आला. तिनं उत्तर दिलं, कारण हुकूम तिचाच होता. आणि मग तिनं सांगितलं, की आज मग़रिबचं वाक्य ती स्वतः म्हणणार. खोली तीच, काच तीच. छोटा पडदा नवा होता, त्यावरचा टॉवेल जुनाच, आता निळा म्हणायला धैर्य लागावं इतका विटलेला.

दार उघडलं. सल्लूमची बस दिवसभर चालून आली होती आणि स्थानकापासून पुढे पाऊस चालून आला होता. शुक्रीच्या केसांतून, बाह्यांतून, मोठ्या कानांच्या पाळ्यांवरून पाणी गळत होतं.

दुर्रिया काचेला वळसा घालून पलीकडे गेली. तिनं छोट्या पडद्यावरचा टॉवेल उचलला आणि त्याच्यापुढे धरला.

“घ्या.”

“हा कैरोचा आहे ना?”

“कैरो भिजलेलं नाही.”

त्यानं तोंड पुसलं. पुसायला बराच वेळ लागला, कारण पाणी दोन ठिकाणांहून येत होतं. ती जागेवर परतली, तो कळीपाशी बसला. छोट्या पडद्यावर कैरोची तोफ उडाली. दोघांनीही हात मांडीखाली धरले.

“चार मिनिटं,” शुक्री माइकमध्ये म्हणाला. “तेव्हा आपण ही खाऊन टाकली होती. आता परत मिळालीत. काय करायचं यांचं?”

“काही कार्यालयीन काम असेल तर सांगा, इंजिनियरसाहेब.”

“कार्यालयीन नाही. आणि कामाशिवाय बोलायची सवय गेलीय माझी.” त्यानं माइक जवळ ओढला. “सल्लूम केंद्र बोलतंय. चित्र… फार सुंदर आहे. पहिल्या दिवसापासून आहे. लग्न करशील?”

“अर्ज रीतसर नाही.”

“वरिष्ठांकडे पाठवू?”

“वरिष्ठ मीच आहे.”

“मग?”

कॅमेऱ्यावरचा दिवा लागला. दुर्रियानं शहराकडे पाहिलं. हात बरोबर वेळेला वर गेला, बोट बरोबर वेळेला खाली गेलं, तोफ उडाली.

“अलेक्झांड्रियाच्या स्थानिक वेळेनुसार मग़रिबची वेळ झाली आहे,” ती म्हणाली. क्षणभर थांबली. मग तिनं काचेकडे बघत, त्याच सुरेल आवाजात सांगितलं, “आणि सल्लूमवाल्यांना आता थांबायची गरज नाही.”

काचेपलीकडे एका माणसानं टॉवेलमध्ये तोंड लपवलं. दुर्रियानं खजूर तोंडात टाकला. इतका गोड खजूर तिनं याआधी एकदाच खाल्ला होता. बऱ्याच वेळानं टॉवेल खाली आला.

“दुर्रिया.”

“हं?”

“सल्लूममध्ये मग़रिबला अजून वीस मिनिटं आहेत.”

सल्लूमचा तिच्यावर फार विश्वास. इतकी वर्षं तिनं थांबा म्हटलं की गाव थांबलं होतं. ती थांबू नका म्हणाली आणि गावानं, सूर्य डोळ्यांपुढे दिसत असताना, सूप प्यायला सुरुवात केली. उंटवाल्याचं तर म्हणे उंटाआधी आटोपलं.

हाज्जा फहीमांच्या तिसऱ्या मजल्यावर काझी धापा टाकत चढत होते, नेमक्या त्याच सुमारास सल्लूमहून तक्रार आली. या वेळी फोन शेवटपर्यंत ऐकला गेला. दुसऱ्या दिवशी संचालक दुर्रिया हिलाली यांनी नियमाला अनुसरून स्वतःविरुद्ध चौकशी उघडली. सहआरोपी, ज्यांच्यासाठी ते वाक्य होतं ते. घटनेच्या क्षणापासून चौकशी संपेपर्यंत दोघांनी परस्परांशी कामाशिवाय बोलू नये, असा आदेशही तिनं वळणदार सहीनिशी काढला. तेव्हा त्या घटनेनंतर तासाभरानं काही झालं असेल, तर ते झालेलं नाही.

दोघं एका घरात राहतात, पण कामापुरतंच बोलतात.

“सूप कसं येतंय?”

“स्वच्छ. मीठ किंचित कमी.”

“वंगण घालू?”

“दोन चमचे. आणि संचालकांनी इकडे सरकून बसल्यास चित्र अधिक स्पष्ट होईल.”

पलीकडच्या खोलीतून हाज्जा फहीमा ओरडतात, की हे कसलं काम, मलाही कळू द्या. चौकशीला लेखी उत्तर द्यायचं होतं, तेही दोघांनी मिळून दिलं, एकाच टेबलावर, खांद्याला खांदा लावून. ते असं:

प्रति, संचालक, मनारा वाहिनी. विषय: सूर्यास्त. महोदया, सदर प्रकरणी आम्हां दोघांचा दोष असल्यास तो केवळ अलेक्झांड्रिया व सल्लूम येथे सूर्य वेगवेगळ्या वेळी मावळतो या कारणाने घडलेला आहे. तरी दोन्ही ठिकाणच्या सूर्यास्तांतील फरक तात्काळ रद्द करण्यात यावा, आणि हा निर्णय दोन तपांपूर्वीच्या कासिमपासून पूर्वलक्षी प्रभावाने लागू करून मधला सर्व काळ अर्जदारांच्या खाती परत जमा करण्यात यावा, ही नम्र विनंती.